कलोली

कलोलीला आवाज नसतो, असं कंपालात सगळे म्हणतात.
गळ्याखाली गुलाबी पिशवी लोंबते, पण ती रिकामीच.
चोच वाजवतो फक्त,
कुणी फळीवर फळी आपटावी तशी.

कचऱ्याच्या टेकडीवर नान्योंजो बाटल्या निवडते,
निळ्या एका पोत्यात, बिनरंगी दुसऱ्यात.
शेजारी हा उभा, तिच्या खांद्याएवढा,
वसुलीला आलेल्या कारकुनासारखा, हात जणू पाठीमागे बांधलेले.
दोघं एकमेकांकडे बघत नाहीत.
ट्रकचा आवाज आला की मात्र
दोन्ही माना एकदम वळतात.

डोकं बोडकं. मढ्यात खुपसायचं, तर पिसं कशाला?
ऊन चढलं की हा स्वतःच्याच पायांवर शिटतो,
ते वाळून चुना होतं, आणि काळपट पाय
पांढरे मोजे घालून गारव्याला उभे.
नान्योंजो हसते : आम्हाला नाही बाई ही सोय.

चोच हातभर, पण फाडता येत नाही तिनं.
फाडायचं गिधाडांनी, पळवायचं यानं.
इथं गिधाडांचं काम सुरा करतो.
लुबेगा खाटकानं एकदा रक्ताचा सुरा खाली ठेवला,
तर तोही गिळला!
दोन दिवसांनी आवारातच सापडला, लख्ख.
लुबेगा अजून त्यानंच कापतो.

शेपटीखालची भुरभुरीत पिसं एके काळी
जहाजानं जायची, मडमांच्या टोप्यांवर बसायला.
बाकीचा पक्षी कुणी मागितला नाही.

आणि अकराच्या सुमाराला, हवा तापली की,
हाच कारकून दोन पावलं धावतो, पंख उघडतो
(एवढे पंख कुठं होते इतका वेळ?)
आणि मान आखडून
टेकडीवर, वासावर, आमच्यावर
एकही फडफड न करता चढत जातो.

पाऊस सरला, डबकी आटली, की पिल्लांचे दिवस.
मार्केटमागच्या म्वुलेवर काटक्यांचे ढीग,
खाली गाड्यांची टपं पांढरी.
पालिकेचा माणूस बुंध्यावर लाल फुली मारून गेला.

त्या रात्री नान्योंजोची शेवटची टॅक्सी चुकली.
फुलीला पाठ लावून ती बसली, पोतं मांडीवर.
वर अंधारात कुणीतरी हंबरलं,
गोठ्यातल्यासारखं, हळू. मग पुन्हा.

मसाकाकडचं घर आठवलं नाही, म्हणते ती.
नुसती मोजत होते,
किती वेळा.