नग बेचाळीसावा

गंगापूर रोडच्या कॉलेजात, तळमजल्यावर,
जिथे भूशास्त्राचं कपाट आणि फिनेलचे कॅन
एकाच कुलपात राहतात,
तिथे मी सव्वीस वर्षं प्रयोगशाळा परिचर.
सर बदलतात. दगडवाले माझ्याकडेच येतात.

एका गृहस्थांनी हळदकुंकू वाहून आणला होता.
आधी तो धुवावा लागला,
आणि धुताना त्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं.

‘उल्का सापडली’ म्हणतात.
मी सांगतो, जळते ती उल्का, पोचते ती अशनी.
मग ते सावरून बसतात.
‘तुमचा हा इथलाच आहे’
हे वाक्य मी एकेचाळीस वेळा बोललोय,
आणि दर वेळी आधी चहा मागवलाय.

पहिल्यांदा चुंबक, जुन्या स्पीकरमधला, दोऱ्याला बांधलेला.
फसगत इथेच होते.
नाशिकचा काळा पाषाण चुंबकाला थेट नकार देत नाही.
उसने मागितल्यावर नातेवाईक करतो तसं करतो:
देतो म्हणत नाही, नाही म्हणत नाही,
जरासा कलतो.
तेवढ्या कलण्यावर लोकांनी घरी पेढे वाटलेत.

मग फरशी उलटी करून खरखरीत पाठीवर घासायचा.
काळी रेघ उठली, मॅग्नेटाइट.
तांबूस उठली, गंजाचा भाऊबंद.
आकाशातून आलेला सहसा काही लिहीत नाही.

मग वजन, एकदा हवेत,
एकदा दोऱ्याने पाण्यात टांगून.
मग कानस.

अश्फाक मन्यार जूनमध्ये आले, नातीला घेऊन.
सातपूरच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं भट्टीवर,
भुवया अजून नीट उगवलेल्या नाहीत.
महेक नऊ वर्षांची. दगड तिच्या डब्यात,
चपातीच्या कप्प्यात.
मंगळवारी रात्री पांडवलेणीच्या अंगाला
हिरवा उजेड पडताना तिने पाहिला,
आणि सकाळी घरामागे हा.

काळा. जड. एका बाजूने वितळल्यासारखा गुळगुळीत.
चुंबक असा चिकटला
की सव्वीस वर्षांत पहिल्यांदा
मी चहा सांगायला विसरलो.
रेघ उठली नाही.
वजन केलं, मग परत केलं.

कानस मी हातात घेतली आणि मन्यार म्हणाले,
‘द्या इकडे, मी करतो.’
तीन हात मारले.
चौथ्याला थांबले. बोट नाकाशी नेलं.

तो वास मला कळला नाही, त्यांना कळला.
भिंग धरलं: घासल्या जागी
बारीक बारीक बुडबुडे,
फोडलेल्या पावाच्या आत असतात तसे,
आणि मधेच लोखंडाचे दोन थेंब.
अवकाशातल्या दगडाला बुडबुडे नसतात.

‘आमचंच स्लॅग,’ ते म्हणाले.
‘कंपनी रस्त्याचे खड्डे याने बुजवायची.
हा मीच ओतला असेल.’
आवाजात दुःख होतं असं म्हणता येणार नाही.
कारखाना बंद होऊन सहा वर्षं झाली,
आणि एवढं वजन त्यांनी तळहातावर
जरा जास्तच वेळ ठेवलं.

वहीत ‘कुठून आला’ या रकान्यात
मी लिहिलं: भट्टीतून. सातपूर.
‘अशनी आहे काय’ या रकान्यात
वरपासून खालपर्यंत माझंच अक्षर, एकच शब्द.

महेक म्हणाली, ‘मग मी पाहिला तो?’
‘तो वरच जळून संपला.’
‘संपला म्हणजे किती उरला?’

सरांना विचारलं असतं, पण सर मीटिंगमध्ये होते.

मी दोऱ्यासकट चुंबक तिच्या डब्यात टाकला,
दगड गेला आजोबांच्या खिशात.
व्हरांड्यातून जाताना
ती प्रत्येक कुंडीपाशी वाकत होती,
आणि मन्यार, घाई नसलेल्या माणसासारखे,
पुढच्या कुंडीशी थांबत होते.

आता दुसरा चुंबक पाहिजे.
भद्रकालीत जुने स्पीकर मिळतात.
रविवारी जाईन.