साक्षीदार गप्प

शहाण्याने चढू नये म्हणतात ती पायरी
डोरिका म्क्वेझालाम्बा एकतीस वर्षं चढते आहे.
ब्लँटायरचं हायकोर्ट. पायऱ्या अकरा,
सातवी मधोमध झिजलेली.
हातात सुतळीने बांधलेली दोन बाडं, काखेत गाऊन,
आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात
घोड्याच्या केसांचा टोप:
ऑक्टोबरात घामाने भिजणारा,
जुलैत, चिपेरोनीचं धुकं शहरावर बसलं की
कुबट वास मारणारा.

तिने आयुष्यात एकही गुन्हा पाहिला नाही.
साक्षीदारही नाही.
अपिलाच्या वकिलाला माणसं भेटतात ती पान क्रमांकासकट.
विधवा, पान नऊ. शेजारी, पान बारा ते चौदा.
कुऱ्हाड, परिशिष्ट दोन.
सगळं होऊन गेल्यावर तिला बोलावतात,
पंगत उठल्यावर आलेल्या पाहुणीसारखी,
आणि ती उष्ट्या ताटांवरून सांगते
कोण किती भुकेला होता.

नवऱ्याने एकदा विचारलं होतं,
तू खटले लढतेस की शुद्धलेखन तपासतेस?
दोन्ही, ती म्हणाली.
एका स्वल्पविरामावर तिने एकाला सोडवलंय.
नऊ दिवसांच्या उशिरासाठी एकदा
अर्धा तास उभं राहून माफी मागितलीय.
उशीर तुरुंगाच्या टपालाचा, माफी तिची.
झोम्बाहून पत्रं येतात, वहीच्या पानावर, पेन्सिलीने:
मॅडम, माझं अपील झोपलंय की मेलंय?

हे सगळं ठीक.
पण अपील क्रमांक एकशे चौदा.

लायसन मुहिवा, मुलांजेच्या चहामळ्यातला मजूर.
मळ्याची कोठी जाळल्याचा आरोप, शिक्षा चौदा वर्षं.
खालच्या मॅजिस्ट्रेटचं हस्ताक्षर
वाऱ्याने लोळवलेल्या मक्यासारखं.
पान सत्तावीस.
प्रश्न: त्या रात्री आरोपी तुमच्या घरी होता का?
साक्षीदार गप्प.

न्यायमूर्तींनी चष्मा कपाळावर नेला.
बचावाचीच साक्षीदार गप्प बसली, वकीलबाई,
तर आम्ही काय ऐकायचं?
डोरिकाने पान सव्वीस उलटलं, पान अठ्ठावीस उलटलं.
जे कागदावर नाही ते कुठेच नाही,
हे तिनेच ज्युनिअरांना शिकवलेलं.
अपील फेटाळण्यात येत आहे.

या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली.
गेल्या महिन्यात ती मुलांजेला गेली,
भलत्याच कुणाच्या मयताला.
मागच्या अंगणात न्सिमाचं पातेलं ढवळत
एक म्हातारी तिच्याकडे बघत राहिली.
तुम्ही लायसनच्या वकील ना?
मी एलुबी. एलुबी नाखुम्वा.

पान सत्तावीस.
पानाला हात होते, कोपरापर्यंत पिठाचे.
पानाचा एक दात पडलेला.

डोरिकाने विचारायचं नव्हतं, तरी विचारलं:
गप्प का बसलात?

गप्प?
एलुबीने लाकडी पळी थांबवली.
मी मान हलवली की. दोनदा.
नवरा समोरच्या बाकावर बसलेला.
तोंडाने कसं म्हणणार, हा रात्रभर माझ्याकडे होता म्हणून?
लिहिणारे साहेब खाली बघून लिहीत होते.
मला वाटलं, पाहिलं असेल त्यांनी.

मग पळी पुन्हा फिरू लागली, न्सिमा खाली लागत होती.
लायसन? सुटला ना. सीमेपलीकडे गेला म्हणतात.
दात धरून ठेवा, बाई, तुम्ही खाऊन जा.

सोमवारी अकराच्या अकरा पायऱ्या.
नवं अपील, नवे न्यायमूर्ती, वयाने तिच्या मुलाएवढे.
मध्येच त्यांनी विचारलं,
हे तुम्ही सांगताय ते नोंदीत आहे का?

डोरिकाने मान हलवली.
टोप किंचित सरकला.
मग तिने लघुलेखकाकडे पाहिलं. तो खाली बघून लिहीत होता.
त्याने डोकं वर करेपर्यंत ती थांबली,
आणि एकेक अक्षर सुटं करून म्हणाली:
नाही, माय लॉर्ड.
नोंदीत नाही.