खोटी खिडकी

आचऱ्याच्या खाडीत मोडीत निघालेल्या होडीच्या
दोन फळ्या मिळाल्या, उंडीच्या,
मीठ पिऊन दगड झालेल्या.
रंधा मारला, तर भुशाला
अजून मुशीच्या तेलाचा वास.

कूस पहिल्यांदा बसलीच नाही.
गुण्या लावला: उजवा कोपरा दोन सूत बाहेर.
राहू दिला.
वरच्या पट्टीवर वेल कोरताना
तिसऱ्या पानाशी पटाशी घसरली.
बायको म्हणते, तेवढंच पान खरं दिसतं,
किडीनं खाल्लेलं.

लावायची कुठे? मधल्या भिंतीवर.
वाटणीच्या साली घाईत उभी केलेली,
चिऱ्याची नाही, अर्ध्या विटेची.
पलीकडे उमाकांत.
खोकतो ते ऐकू येतं.
बोलणं नाही, अकरा वर्षं.

खिळे होडीचेच होते, सहा इंची.
तेच ठोकले.
चौकट बसली. आत नुसता चुना.

दिवा मालवल्यावर पलीकडून आवाज,
भिंतीलाच सांगितल्यासारखा:
"तुझो खिळो हयसर इलोहा."

मी अंथरुणात उठून बसलो.
"काडू?"

बराच वेळ समुद्रच.

मग,
"नको. सदरो टांगलंय."