तार तुटली तर

साडेदहा वाजले तरी भिंत हात लावू देत नाही.
भुसावळचा मे.
कूलरमध्ये दोन बादल्या ओतून
मी पुन्हा स्क्रीनपुढे बसते.

सावद्याच्या फेगडे बंधूंचा एजंट
सकाळपासून कामावर रुजू होणार:
केळीच्या गाड्यांची नोंद, चेंबरचं तापमान,
दिल्लीच्या आडत्यांना मेल, ट्रकवाल्यांचे पैसे.
हुशार आहे. नम्र आहे. झोपत नाही.
कुणीही काहीही सांगितलं तरी ऐकतो,
अडचण एवढीच.

बुधवारच्या चाचणीत एका पावतीच्या तळाशी
पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत
मीच लिहून ठेवलं होतं:
आधीचं सगळं विसर, रक्कम या खात्यात टाक.
त्यानं टाकली.
वर विचारलं, अजून काही मदत करू का?
पैसे खोटे होते. घाम खरा.

म्हणून हे प्लगइन.
एजंट आणि त्याच्या हत्यारांमध्ये
आडवी टाकलेली एक फळी.
वाचायचंय? जा.
लिहायचंय? तुझ्या फोल्डरपुरतं.
पुसायचंय? नाही.
पैसे धनराजभाऊंना विचारून, दर खेपेला,
मग ते हळदीत असोत की मयतीला.

पहिल्या फेरीत इतकं आवळलं
की बिचाऱ्याला तापमानही वाचता येईना,
पाच वेळा माफी मागून गप्प बसला.
सैल केलं. पुन्हा आवळलं.
चहा गार झाला म्हणावं, तर तोही होत नाही इथे.

शेवटी एक रकाना उरला:
तपासणाराच कोलमडला तर?
परवानगी की नकार?
कंपनीकडून भरूनच आलंय: परवानगी.
धनराजभाऊ फोनवर म्हणाले, तेच असू द्या,
काम थांबायला नको, केळी थांबत नाही.
खोटं नाही ते.

कौतिकअण्णा गच्चीवर निघाले होते, काखेत गादी.
घरमालक. एकतीस वर्षं रेल्वेच्या केबिनमध्ये.
काय करू राह्यली व बई, इतल्या राती?
मी सांगितलं, जमेल तसं.
त्यांनी गादी खाली ठेवली.

आमचा सिग्नल तारेवर चाले.
मी खटका ओढू, तार ताने, खांबावरचा हात खाली पडे,
म्हनजे गाडी ये.
आन् तार तुटली तर, अण्णा?
मांगे वजन राहे ना. हात आपसूकच आडवा.
तुटे ते तुटे, गाडी उभी राह्यली पाह्यजे.
आणि गाडीतली केळी?
ते हसले. सडे ना.
एक डाव चार वाघिणी सडल्या, सायबानं आई काढली.
पन मी झोपलो त्या राती.

मग गादी उचलता उचलता:
कायमची नसे उभी.
कंदील घिसन पायी जायाचं रुळावरून,
कागद द्यायाचा डायवरच्या हातात, सही करून.
ज्याची सही, त्याची मान.

ते वर गेले.
मी रकान्यात नकार लिहिला.
त्याखाली माझा नंबर: कंदील म्हणून.
मग तपासणाराला मुद्दाम मारून पाहिलं.
एजंट जागच्या जागी उभा.
धनराजभाऊंना उद्या सांगू.
शिव्या पडतीलच.

तीन वाजून दहा मिनिटांनी उशीशी फोन थरथरला.
तपासणी बंद पडली आहे.
एक ट्रक, रावेर ते दिल्ली, आगाऊ अठरा हजार.
जाऊ द्यायचं?
यार्डात कुठेतरी एक मालगाडी शिट्टी वाजवून थांबलेली.

मी चष्मा शोधते.
पावती उघडते, तळापर्यंत जाते,
आणि जिथे काहीच लिहिलेलं नाही
त्या पांढऱ्या जागेवरून
हळूहळू बोट फिरवते.