माशी

निझवाच्या किल्ल्यामागे, बकऱ्यांच्या बाजारापासून चौथं दुकान.
पाटीवर हमूदचं नाव, आत माझी पटाशी.
शुक्रवारचा सौदा आटपला की म्हातारे इथं टेकतात,
खांद्याला बंदूक, आपल्याकडे छत्री असते तशी.

आणि वाद सुरू.
मार्टिनीला इथं कुणी मार्टिनी म्हणत नाही. ती 'समा'.
दहा गोळ्यांची ती 'उम्म अशर', दहांची आई.
सैफ म्हणतो, समा एकच गोळी घेते,
म्हणून माणूस श्वास धरून नेम धरतो.
नासर म्हणतो, दहांतलीही पहिलीच लागते,
उरलेल्या नऊ लाज झाकायला.
कुणाचा तरी पुतण्या फोनमधून मान वर काढतो,
दुर्बिणीच्या कुठल्याशा रायफलीचं नाव सांगतो, नंबरासकट.
त्याला कॉफी मिळते. उत्तर मिळत नाही.

मग मला विचारतात, तुमच्यात काय म्हणतात?
नळी, म्हणतो मी. चाप. दस्ता. घोडा.
घोडा! सैफला हसता हसता ठसका लागतो.
टोकावरच्या मण्याला आम्ही माशी म्हणतो.
आणि आत ठासायची ती दारू.
दुकानात शांतता.
नासर रस्त्याकडे बघून हळूच विचारतो,
ठासायची... कुठे?

माझं गाव कुडाळच्या वर, घाटाच्या पोटाशी.
बाबांकडे पिकाच्या राखणीची केपाची बंदूक होती.
निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा,
आणि नेमकी त्याच महिन्यात डुकरं सुरणात.
पण रानात ते डुक्कर म्हणायचे नाहीत. काळो म्हणायचे.
नाव घेतला की त्येका कळता.

परवा खलफान बिन मरहूनचा नातू आला.
घरात लग्न आहे, पुरुष नाचताना बंदुका हवेत फेकून झेलणार.
'दस्ता आरशासारखा कर. हे ओरखडे काढ.'

ओरखडे नव्हते.
अंगठा फिरवला. सात खाचा, नखाएवढ्या.
आठवी अर्धी.

म्हातारा दारातच उभा होता, आत न येता बोलला.
सात वेळा तो पडला, म्हणाला. तो म्हणजे कोण, सांगितलं नाही,
हातानं फक्त मागे वळलेली शिंगं काढली हवेत.
तेव्हा बंदी नव्हती.
आठव्या वेळी कड्यावर होता. चाप ओढला.
काडतूस जुनं, नुसतं टक् झालं.
तो वळला आणि बघत राहिला.
मी आधी नजर काढली.
घरी बायकोला सांगितलं, पडला, दरीत गेला, आणता आला नाही.
रात्री सुरी घेऊन बसलो.
खोटं अर्ध्यापर्यंतच कोरता आलं.

नातू जरा वेळ गप्प. मग म्हणाला,
'मग आठवी पुरीच करून टाक ना. कोण बघतंय?'
म्हातारा काठी टेकत कॉफीकडे गेला.

रात्री बाबांना फोन लावला. कान गेलेत त्यांचे.
खाचांचं सगळं सांगितलं, एक अक्षर पोचलं नाही.
त्यांनी एकच विचारलं,
माशी सरळ आसा मां?

मी दिव्यापुढे नळी धरली.
माशी डावीकडे कलली होती, तांदळाच्या दाण्याएवढी.
म्हणजे हा माणूस आयुष्यभर
डावीकडे धरत आला, आणि ते सरळ जात आलं.
सरळ करणं दोन मिनिटांचं काम. हातोडी हाताशीच होती.

दस्त्याला जवसाचं तेल पाजलं, तीन हात.
खाचांभोवती कापड वळवून घासलं.
माशीला हात लावला नाही.

नातवाकडून चार रियाल घेतले. पॉलिशचे.