तफावत

ब्राझीलच्या बँकेचं क्रेडिट आलं तेव्हा
अजिंठा चौफुलीवर केळीच्या ट्रकांची रांग होती
आणि ऑफिसातल्या कूलरमधलं पाणी संपलं होतं.
प्रिंटरमधून सात पानं निघाली, गरम,
सगळी मोठ्या लिपीत, ओरडून सांगितल्यासारखी:
चाळीस फुटी कंटेनर एक,
प्लास्टिकच्या चटया, निळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या,
न्हावा शेवा ते सांतोस,
जहाज सुटल्यापासून नव्वद दिवसांनी पैसे.

नव्वद दिवस म्हणजे काय
ते दाणा विकणाऱ्याला विचारा.
त्याला पंधरासुद्धा जड जातात.
म्हणून ती सात पानं फाइलला लावून
पुंडलिकशेठ नेहेते बँकेत गेले
आणि एका परक्या बँकेच्या शब्दावर
आपल्या बँकेनं अठरा लाखांची उचल दिली.
माग अठरा दिवस थांबले नाहीत.
पगार झाले, उखर्डूच्या पोरीची फी गेली,
समुद्रापलीकडचा शब्द एमआयडीसीत खर्च होत राहिला
तिकडून छदामही आलेला नसताना.

मी फक्त कागद करते.
इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग,
माल इथलाच असल्याचा चेंबरचा दाखला.
बँकेतल्या रुबाब तडवी मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या,
‘आम्ही चटई बघत नाही हो, कागद बघतो.
चटई उसवली तर तुम्ही आणि गिऱ्हाईक बघा.
कागद उसवला तर मी.’
त्या पट्टी ठेवून वाचतात.
ओळ झाली की पट्टी खाली.

या वेळी पट्टी थांबली.
क्रेडिटमध्ये आमच्या नावातलं गाव होतं ‘जळगाओ’.
शेवटचा एन नव्हता.
माझ्या चारही कागदांवर होता, सवयीनं;
आपल्या गावाचं स्पेलिंग कोण पडताळून बघतं?
जहाज तोवर कोलंबोच्या पुढे गेलेलं.

उखर्डू कांडी बदलता बदलता म्हणाला,
‘चटई ते चांगली शे, मंग पैसा काबर अडकना?’
एका अक्षरापायी, म्हटलं.
तो हसला नाही.
‘मन्हा रेशनकारडवर उकर्डा शे, आधारवर उखर्डू.
मी बी अडकेल शे.’

रात्री मी मूळ ऑर्डर उघडली.
तिकडच्या जुसारा नावाच्या बाईनं ती टाइप केली होती.
तिच्या कागदावर गावातल्या शेवटच्या ‘ए’वर
एक लाट होती, बारीक, पापणीएवढी.
बँकांच्या तारेला लाटा कळत नाहीत,
ती उघडी अक्षरं तेवढी उचलते.
पोर्तुगीजात ती लाट म्हणजे नाकातून बोला.
मी बोलून पाहिलं.
सांव पावलू.
जळगांव.

फोनवर मीच तिला गाव सांगितलं होतं.
तिनं ऐकलं तसं लिहिलं.
वडिलांच्या सातवीच्या दाखल्यावर ते टिंब आहे,
माझ्यावर नाही;
मधे कधीतरी नियमानं ते पुसलं,
आवाज तेवढा नाकात राहून गेला
आणि तो ऐकायला
सांतोसच्या धक्क्यामागची कुणी कारकून लागली.

अकराव्या दिवशी निरोप आला:
गिऱ्हाइकाला तफावत मान्य आहे.
नव्वदाव्या दिवशी पैसे,
पंचाहत्तर डॉलर कापून.
‘एका टिंबाचे?’ शेठ म्हणाले,
‘सावद्याला बेंडाळे गुरुजी अर्धा मार्क कापायचे.’
आणि कूलरमध्ये त्यांनी स्वतः बादली ओतली.

दुसरी ऑर्डर आली तेव्हा मी फोन केला नाही.
स्पेलिंग मेलवर पाठवलं, एकेक अक्षर सुटं करून.
जुसारानं तसंच उतरवून घेतलं,
एनसकट, बिनलाटेचं.
तडवी मॅडमची पट्टी सरळ खाली गेली,
कुठेच थांबली नाही.