अठ्ठेचाळीस सेकंद

पहिलं हे सांगते, की ग्लास अ‍ॅबटचा तिसरा अल्बम
लोकांनी उगाच डोक्यावर घेतलाय.
पहिली बाजू ठीक. ड्रमवाला जागा असतो,
बासरी पाहुण्यासारखी येते, चहा घेऊन जाते.
पण दुसरी बाजू, ते एकच लांबलचक गाणं,
घाई, नुसती घाई.
गातोय दुःखाबद्दल, आणि आवाज बस चुकेल असा.
शिवाय खोटारडे. कव्हरवर छापलंय वीस मिनिटं.
मी घड्याळ समोर ठेवून मोजलंय, तीनदा,
एकोणीस मिनिटं बारा सेकंद.
मिनिटंसुद्धा फुगवून सांगणारी माणसं, म्हणायचे मी,
यांच्या सुरांचा काय भरवसा?

हे मत चौऱ्याहत्तर सालापासूनचं.
तेव्हा बर्स्लेममध्ये, कालव्याकाठच्या कारखान्यात
मी बशांना सोनेरी काठ काढायचे.
डाव्या हाताने चाक फिरवायचं, उजव्यात ब्रश,
श्वास रोखून एक वेढा,
आणि जिथून निघालो बरोबर तिथे टेकायचं.
दिवसाला तीस डझन.
चाक केसभर जोरात गेलं तरी मनगटाला कळायचं.

शेजारच्या बाकावर मार्लीन ब्लूर. तिचा जीव हॉलो बेअरिंगवर,
चार गिटारवाले, आणि थांबायचं कुठे ते एकालाही ठाऊक नाही.
जेवणाच्या सुट्टीत आम्ही भांडायचो
ओटकेकमधलं चीज गार होईपर्यंत.
ती म्हणायची, ग्लेनिस, तुझ्या कानात माती गेलीय.

आणखीही मतं आहेत.
दोन तबकड्यांचा अल्बम कुणीच काढू नये.
सेव्हन फर्लाँग्जनी काढला. त्यात एक चांगली तबकडी होती,
ती दोन्हींत थोडी थोडी सांडलीय.
कीबोर्डवाल्याने झगा घातला असेल तर
मी फोटो बघूनच आवाज कमी करते.
आणि ‘विंटर लेजर’बद्दल माझ्या घरात कुणी वाकडं बोलायचं नाही.

मागच्या मंगळवारी पट्टा तुटला.
प्लेअर लायनेलचा, माझ्या भावाचा. पट्टे तोच बदलायचा,
झाकण दुसऱ्या कुणाला उघडू द्यायचा नाही.
तो जाऊन अकरा वर्षं झाली.
टनस्टॉलहून हारून नावाचा पोरगा आला दुरुस्तीला.
आत बघून म्हणाला, हे कुणी केलं?
मोटरच्या पितळी दांड्यावर
काळी इन्सुलेशन टेप. दोन वेढे, टोक नीट कापलेलं.
पट्टा घसरत असेल म्हणून लावली, तो म्हणाला,
पण दांडा जाड झाला की तबकडी पळते.
शेकडा चार. सगळंच जरा वरच्या पट्टीत.
किती वर्षं ऐकताय असं?

मी त्याला चहा विचारला.

तो गेल्यावर ग्लास अ‍ॅबट लावला, दुसरी बाजू.
गायक वयाने वाढला होता.
दोन ओळींच्या मध्ये तो श्वास घेतो,
हे मला माहीतच नव्हतं.
बासरी आली ती कप रिकामा झाल्यावरही बसून राहिली.
वीस मिनिटं. सेकंदाचाही फरक नाही.

मनगटा, तू काय करत होतास रे तेव्हा?

मार्लीन आता वेल्समध्ये, लेकीकडे. तिला ऐकू कमी येतं.
तरी फोन केला, ओरडून सांगितलं,
तिसरा अल्बम चांगला आहे!
तिसरा कुठला, म्हणाली. मग जरा थांबून,
आणि हॉलो बेअरिंग?
ते आणखी वाईट, म्हटलं. तेच सगळं, आता जास्त वेळ.
ती हसली, खोकला येईपर्यंत.

टेपचा तुकडा मी फेकलेला नाही.
‘विंटर लेजर’च्या कव्हरात, आतल्या कागदाला चिकटवलाय.
तो अल्बम
अजून लावलेला नाही.